मयताच्या नावावरचा सातबारा, खातं, घर, ट्रॅक्टर : कुठून सुरुवात करायची, कुठं अडतं?

गोदाकाठ
कर्ता माणूस गेला की तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी कागदं सुरू होतात. या मंचावर प्रश्न सुटे सुटे येतात, कुणी नुसतं बँकेचं विचारतं, कुणी नुसतं सातबाऱ्याचं, आणि उत्तरंही तशीच तुटक मिळतात. म्हणून एकच काल्पनिक उदाहरण धरून बोलू.

परतूर तालुक्यातला शेतकरी, हिंदू, मृत्युपत्र नाही. दोन गटांत मिळून ६ एकर, म्हणजे सातबाऱ्यावर २ हेक्टर ४३ आर. मोठ्या गटात विहीर आणि थोडी मोसंबी. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं. एका सहकारी बँकेत बचत खातं, नॉमिनी नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत ७ लाखांची ठेव, तिला थोरला मुलगा नॉमिनी. गावठाणात घर. ट्रॅक्टर हप्त्यावर. मागे आई, बायको, दोन मुलं आणि लग्न झालेली एक मुलगी.

कोणतं काम आधी, कोणतं कशावाचून अडतं? जाणकारांनी लिहावं. वकील गाठा एवढंच सांगायचं असेल तर ते सगळ्यांना माहीत आहे.

फेरफार_सहा
आधी मृत्यू दाखला. २१ दिवसांत नोंद केली तर काही लागत नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यापुढं वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा, २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेलं. मृत्यू जिथं झाला तिथं नोंद होते. माणूस परतूरचा, पण संभाजीनगरला दवाखान्यात गेला, तर दाखला महापालिकेचा. ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही.

दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून नाव वाचा. सातबाऱ्यावर ‘किसन’, आधारवर ‘किशनराव’ आणि दाखल्यावर ‘कृष्णा’ असं निघालं तर पुढं प्रत्येक टेबलावर अडवणूक. दाखला ताजा असताना दुरुस्ती सोपी. सातबाऱ्यावरचं नाव जुनं असेल तर दोन्ही नावं एकाच इसमाची, असं प्रतिज्ञापत्र जोडतात.

मग वारस नोंद. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, काम फक्त किचकट होतं. अर्ज हातानं देता येतो, नाहीतर ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन. सोबत दाखला, सातबारा, ८अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), वंशावळीसह सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाचा पूर्ण पत्ता. या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, तरी टपरीवाला पाचशेचा कागद पुढं करतोच.

ही नोंद दोन वह्यांतून जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिली गाव नमुना ६क, वारस प्रकरणांची नोंदवही. तलाठी पोलीस पाटील, सरपंच, शेजारीपाजारी यांच्याकडं चौकशी करतो आणि मंडळ अधिकारी वारस कोण ते ६क वर ठरवतो. त्यानंतर गाव नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, पडतो, सगळ्यांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि नावं सातबाऱ्यावर येतात. नोटीस चावडीवर लागते, ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही दिसते. कुणी हरकत घेतली तर प्रकरण ६अ मध्ये, तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते.

६क ची नक्कल वेगळी मागून ठेवा. ती फक्त शेतीच्या कामाला लागते असं नाही. कशाला ते पुढं येईलच.

पैनगंगा
फेरफार भाऊ, बहिणीचं हक्कसोड आधीच घेतलं आणि नोंदीला दोन भावांचीच नावं दिली तर? एक फेरा वाचतो. गावोगाव असंच करलेत लोक.

फेरफार_सहा
करलेत, आणि दहा वर्षांनी त्याच फेरफारावर अपील पडतं. जो हक्क कागदावर आलाच नाही तो सोडणार कसा? बहिणीचं नाव आधी लागतं, मग हक्कसोडपत्र. बाँडवर लिहून नोटरी केलेलं हक्कसोड चालत नाही. स्थावराचा हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडं नोंदणी सक्तीची, १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून. वडिलोपार्जित मिळकतीचं भाऊ, बहीण, आई, मुलं अशा जवळच्यांच्या लाभात विनामोबदला हक्कसोड असेल तर मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये, आधी २०० होते. पैसे घेऊन सोडला तर ती विक्री. मुद्रांक बाजारभावावर.

अजून एक. हक्कसोड कुणाच्या लाभात ते नाव घालून लिहा. नुसतं ‘हक्क सोडत आहे’ एवढंच लिहिलं तर तो वाटा उरलेल्या सगळ्यांत पसरतो आणि धाकट्यासाठी सोडलेलं थोरल्यालाही मिळतं.

आणि प्रतिज्ञापत्रात बहीण लपवली तर ते खोटं प्रतिज्ञापत्र. लग्न झालं म्हणून मुलीचा वारसा जात नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही मुलगी पहिल्या वर्गातली वारस होतीच. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं ती जन्मानं सहदायक (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची हिस्सेदार) झाली. त्या दिवशी बाप हयात असायलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर झालेली वाटणी उकरता येत नाही.

आणेवारी
वाट्यांचा हिशोब मांडतो. इथंच ‘सगळ्यांना सारखं’ म्हणून सोडून देतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

जमीन मयताच्या स्वकमाईची असेल तर सरळ हिंदू वारसा कायद्याचं कलम ८. पहिल्या वर्गात आई, बायको, दोन मुलं, एक मुलगी. पाच जण, ६ एकर म्हणजे २४० गुंठे, माणशी ४८ गुंठे. आई पहिल्या वर्गात आहे, बाप नाही. बाप हयात असता तरी या पाचांपुढं त्याला काही मिळालं नसतं.

जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची असेल तर आकडा बदलतो. मयताच्या मरणाच्या क्षणाआधी वाटणी झाली असं धरायचं. त्या वाटणीत मयत, दोन मुलं, मुलगी हे सहदायक, आणि आपल्याकडं बायकोलाही मुलाइतका वाटा. पाच वाटे, मयताचा वाटा ४८ गुंठे. आता हे ४८ गुंठे परत पाच वारसांत, म्हणजे ९.६ गुंठे प्रत्येकी. बायको, दोन्ही मुलं, मुलगी यांना ४८ अधिक ९.६, म्हणजे ५७.६ गुंठे. आईला फक्त ९.६. बेरीज करा, २४० भरतात.

एकाच सातबाऱ्यावर, त्याच पाच नावांत, आईचा वाटा ४८ गुंठे की साडेनऊ, हे जमीन कशी आली यावर ठरतं. आजोबाकडून आली म्हणजे वडिलोपार्जित, असं डोळे झाकून म्हणू नका. १९५६ नंतर बाप बिनमृत्युपत्र गेला आणि कलम ८ नं मुलाला जमीन आली, तर ती मुलाच्या हातात त्याची स्वतःची, हे १९८६ पासून ठरलेलं आहे. जुने फेरफार काढून तारखा बघाव्याच लागतात.

मेलेल्या मुलाची शाखा असली तर कलम ८ खाली ती सगळी मिळून एक वाटा, मग तो त्याची बायको आणि मुलं आपसांत वाटून घेतात.

बालाघाटी
आईचं नाव तर तलाठी विचारतसुद्धा नाहीत. म्हातारीला कशाला, म्हणून घरचेच गाळतात.

आणेवारी
गाळलं तरी वाटा जात नाही. आणि पुढचं बघा. ती म्हातारी दोन वर्षांनी बिनमृत्युपत्र गेली, तर तिचे ४८ गुंठे या घराकडं सरळ येत नाहीत. तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटले जातात. म्हणजे मयताचे भाऊ, बहिणी, सगळे त्या ६ एकरांत घुसले. हे टाळायचं तर तिचं हक्कसोडपत्र किंवा मृत्युपत्र तिच्या हयातीत, तिच्या खुशीनं. अंगठा घेतला आणि तिला वाचूनच दाखवलं नाही, तर ते कोर्टात टिकत नाही.

हिमायतबाग
वरचा सगळा हिशोब हिंदू कायद्याचा. मराठवाड्यात प्रत्येक तालुक्यात मुस्लिम खातेदार आहेत, तिथं तलाठी सवयीनं सगळ्यांची नावं समान लावतात आणि तंटा उभा राहतो. आमच्याकडं जन्मानं हक्क नाही, वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा फरक नाही. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत (मृत्युपत्र), उरलेलं वारसांना. मुलं असतील तर बेवेला (विधवेला) आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. मुलाला मुलीच्या दुप्पट.

बायको, दोन मुलं, एक मुलगी धरा आणि तेच २४० गुंठे. बेवेला ३०. उरले २१०, त्याचे पाच भाग, ४२ चा एक. मुलांना ८४-८४, मुलीला ४२. मयताची आई हयात असेल तर तिचा सहावा हिस्सा, ४० गुंठे, तोही आधी निघतो. मग उरतात १७०, भाग ३४ चा, मुलांना ६८-६८, मुलीला ३४.

फरायज, म्हणजे शरियतप्रमाणे हिश्शांचा हिशोब, काढून आणलेला कागद बरोबर असला तरी तलाठी त्यावर फेरफार करत नाही. पण प्रतिज्ञापत्रातच हिस्से अपूर्णांकात लिहा आणि फेरफारात तसेच उतरवून घ्या. वसीयत एकतृतीयांशाच्या वर चालत नाही आणि वारसालाच दिली तर बाकीच्या वारसांची मयतानंतर संमती लागते. हे न बघता वसीयतीवर एकाच मुलाच्या नावानं फेरफार झालेला असेल तर अपिलात तो टिकणं कठीण.

खासरा_५४
मराठवाड्याचा खरा गुंता सगळे विसरलात. इथं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, जुनी कागदं उर्दूत, त्यावरचं सन फसली, म्हणजे निजामी महसुली वर्ष. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं. फेरफारांची साखळी मागं नेताना १९५४-५५ चं खासरा पत्रक हा पाया धरतात, ते तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल फी भरून मिळतं. गट पडण्याआधीचे सर्व्हे नंबर असतात, तेव्हा सर्व्हे कोणत्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या पत्रकातून जुळवून घ्या. नाहीतर भलत्याच जमिनीची नक्कल घेऊन घरी याल.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (विक्रीवर बंधन असलेली जमीन) असेल तर घाबरू नका. वारसानं नाव लागायला परवानगी लागत नाही. परवानगी विकायला, गहाण टाकायला लागते. वर्ग-२ चा शेरा वारसांच्या नावावर तसाच राहतो.

देवस्थान किंवा सेवा इनाम असेल तर गोष्ट वेगळी. मुंतखबात, म्हणजे इनामाच्या जुन्या कागदात, जमीन कशासाठी दिली ते लिहिलेलं असतं. देवाच्या दिवाबत्तीसाठी दिलेली जमीन पुजाऱ्याच्या मुलांची होत नाही, ते वहिवाटदार. तिथं साधी वारस नोंद चालत नाही, १९५२ च्या अतियात (इनाम) चौकशी कायद्याखाली विरासत (वारसा) मंजूर करून घ्यावी लागते. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांची इनामं वक्फकडं, वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय संभाजीनगरला पाणचक्कीत. अशा जमिनीचं वाटणीपत्र किंवा खरेदीखत कुणी करून दिलं तरी पुढं ते रद्द होण्याचीच शक्यता जास्त, आणि पैसे परत मिळत नाहीत.

मांजराकाठ
+१. आजोबाच मयत आहेत आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर, अशी खाती लातूर-धाराशिवकडं पोत्यानं. त्यांचं काय?

फेरफार_सहा
२०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली ती याच खात्यांसाठी. चावडीवाचन करून मयत खातेदारांची यादी काढली, मग वारसांचे फेरफार. मोहिमेत राहिलं असलं तरी अर्ज कधीही करता येतो. मधल्या एका पिढीचा दाखला नसला तर साखळी तुटते. आजोबा, मग वडील, मग नातू असा क्रम. प्रत्येक मरणाच्या वेळचे वारस वेगळे, त्यामुळं आजोबावरून थेट नातवावर उडी मारता येत नाही. आत्या राहून जातात त्या इथंच.

जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ असतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो गेला म्हणून फक्त त्याच्या मुलांची नावं लावली तर बाकी भावांचा हक्क कागदावरून गायब होतो. अशा खात्यात आधी मॅनेजरचा शेरा काढून सगळ्यांची नावं.

रोकड_वही
बँकेचं लिहितो. पहिली चूक एटीएमची. मयताचं कार्ड वापरून पैसे काढणं चूकच, मग खर्च अंत्यविधीचा का असेना. दुसऱ्या वारसानं विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

७ लाखांच्या ठेवीला नॉमिनी थोरला. दाखला, ओळखपत्र, मागणी अर्ज एवढ्यावर बँक त्याला पैसे देते आणि मोकळी होते. पण नॉमिनी मालक नव्हे. तो बाकी वारसांच्या वतीनं पैसे घेतो. विम्याबद्दल १९८३ मध्ये, शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. अपवाद आयुर्विम्याचा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी आईबाप, नवराबायको किंवा मुलं असतील तर ती रक्कम त्यांची समजली जाते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्के ठरवून. हयात असलेल्यांनी हे काम उरकून घ्यावं.

नॉमिनी नसलेल्या बचत खात्यासाठी: रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, इतर बँकांत १५ लाखांपर्यंत कोर्टाचं प्रमाणपत्र मागायचं नाही. हमीपत्र, वारसांचं घोषणापत्र, पैसे न घेणाऱ्यांची ना हरकत, एवढ्यावर भागतं. सगळी कागदं दिल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा, नाही लावला तर विलंबाचं व्याज. शाखेत ‘वारस प्रमाणपत्र आणा’ म्हणाले तर कोणत्या नियमानं ते लेखी मागा.

रक्कम त्याहून मोठी, किंवा वारसांत वाद, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ३७२, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय. लोक दोन गोष्टींत गल्लत करतात. उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी, म्हणजे ठेवी, शेअर्स, येणं पगार. जमिनीला ते लागू नाही. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचं वारस प्रमाणपत्र वेगळं, त्यात वारस कोण एवढं ठरतं. आणि ग्रामसेवकाचा किंवा सरपंचाचा वारस दाखला हे चौकशीचं कागद, कोर्टाच्या प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही.

उत्तराधिकाराच्या अर्जात मिळकतीची यादी लावावी लागते. खाते क्रमांक, शाखा, ठेव पावतीचा क्रमांक, रक्कम. एक आकडा चुकला की प्रमाणपत्र घेऊनही बँक परत पाठवते. एखादं खातं नंतर सापडलं तर कलम ३७६ खाली वाढवून घ्यायचं, त्याची फी परत. म्हणून अर्जाआधी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर (पडून राहिलेल्या ठेवी शोधायचं संकेतस्थळ) मयताचं नाव टाकून बघा. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण मागता येते.

पैनगंगा
आणि पतसंस्थेतली ठेव? मल्टिस्टेटवाल्यांनी शटर पाडलेलं असेल तर?

रोकड_वही
तिथं ५ लाखांचं ठेव विम्याचं कवच नाही, ते फक्त बँकांना. संस्था अवसायनात (गुंडाळण्यात) असेल तर अवसायकाकडं वारसांचा दावा दाखल करायचा, मूळ पावती जपायची, गुन्हा दाखल असेल तर तपासणाऱ्या यंत्रणेकडं ठेवीदार म्हणून मयताऐवजी वारसांचं नाव घ्यायला लावायचं. पैसे कधी मिळतील त्याचा अंदाज इथं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

बालाघाटी
कर्जाचं कुणी बोललंच नाही. सोसायटीचा सचिव मुलांना म्हणतो, सही करा, कर्ज तुमच्या नावावर करू.

आणेवारी
लगेच सही करू नका. वारसाची जबाबदारी मयताकडून मिळालेल्या मिळकतीपुरती, स्वतःच्या नोकरीच्या पगारातून फेडायची नाही. बापाचं कर्ज फेडणं मुलाचं धर्मकर्तव्य म्हणून कोर्टात मागायची सोय २००५ च्या दुरुस्तीनं नव्या कर्जांना बंद केली. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे तो नाव बदललं तरी उतरत नाही. फेडल्यावर बेबाकी (कर्ज फिटल्याचा दाखला) घेऊन बोजा कमी करण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. जामीनदार सुटत नाही. आणि मयतच दुसऱ्याला जामीन राहिला असेल तर? सोसायटीत जाऊन ते आधी विचारा. घरच्यांना बहुधा माहीत नसतं.

धुरा
वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, हे ठळक अक्षरात लिहा कुणीतरी. पाच नावं लागली म्हणजे पाचही जण इंच न इंच जमिनीत हिस्सेदार. थोरला विहिरीकडचं कसतो म्हणून ते त्याचं झालं नाही.

वाटणीचे रस्ते तीन. सगळे राजी असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र, किंवा तहसीलदाराकडं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चा अर्ज. राजी नसतील तर दिवाणी दावा, हुकूमनाम्यानंतर प्रत्यक्ष हिस्से पाडायला प्रकरण जिल्हाधिकाऱ्याकडून भूमी अभिलेखला. कलम ८५ ला १०० रुपयांचा मुद्रांक, आणि २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ झाली. तरी लोक पैसे वाचवायला शंभरच्या बाँडवर ‘आपसवाटणी’ लिहितात आणि ट्रंकेत ठेवतात.

काय चुकतं ते सांगतो. सातबाऱ्यावर २.४३ असतं, जागेवर मोजलं की कमी भरतं, कुठं धुरा (बांध) सरकलेला, कुठं रस्त्यात गेलेलं. म्हणून आधी मोजणी, मग वाटणी. कागदात ‘उत्तरेकडील ५७ गुंठे’ एवढंच लिहिलं तर भांडण नक्की. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, धुरा कुणाचा, जायची गाडीवाट कोणत्या बाजूनं आणि किती फूट, सगळं लिहायचं, नकाशा जोडायचा.

विहीर हा तर स्वतंत्र विषय. मोठ्या गटात विहीर आहे आणि धाकट्याला लहान गट दिला, तर त्याच्या पाइपलाइनला थोरल्याच्या रानातून जाण्याचा हक्क लिहून पाहिजे. पाणीपाळी दिवसांत लिहा, आणि लाइट रात्रीची असली तर ती पाळी कुणाची तेही. मोटारीचं वीज कनेक्शन मयताच्या नावावर, थकबाकीसह, ती कोण भरणार? गाळ काढायचा खर्च हिश्शानं. विहीर आटली तर नवं बोअर कुणाच्या रानात? मोसंबीची झाडं ज्याच्या वाट्याला जातील त्याच्याकडून बाकीच्यांनी काय घ्यायचं तेही ठरवा, कारण झाडं फळाला आलेली असतात आणि दुसऱ्याचं रान कोरडवाहू असतं. हे सगळं तोंडी ठरतं, पहिला दुष्काळ आला की मोडतं.

तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे वेगळा पाडता येणारा कमीत कमी तुकडा, बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे. आणेवारींच्या दुसऱ्या हिशोबातली आई ९.६ गुंठ्यांवर येते. तेवढा तुकडा वेगळा काढता येत नाही. तिचं नाव सामाईक ठेवा, नाहीतर तिच्या वाट्याच्या बदल्यात पोटगी आणि राहण्याचा हक्क वाटणीपत्रातच लिहा.

आणेवारी
दुरुस्ती, धुरा अण्णा. वारस नोंद करायला तुकडेबंदी आड येत नाही. नाव लागतंच, फक्त पोटहिस्सा पडत नाही.

धुरा
हो, तेच म्हणायचं होतं.

सनद_वाचा
घर आणि ट्रॅक्टर राहिलं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. तरी मासिक सभेत ठराव घेऊन वारसांची नावं लावून घ्या, घरकुलाला लागतात. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर खरी नोंद तिथं, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाकडं. दोन्हीकडं अर्ज. एकीकडं केला म्हणजे दुसरीकडं आपोआप होत नाही.

ट्रॅक्टर मालकाचा मृत्यू ३० दिवसांत आरटीओला कळवायचा, नाव बदलायला तीन महिन्यांत नमुना ३१ चा अर्ज. फायनान्स कंपनीचं संमतीपत्र आणि बाकी वारसांची ना हरकत लागते. नाव न बदलता ट्रॅक्टर चालला आणि अपघात झाला तर विमा कंपनी अडवून धरते. कर्जाला विमा जोडलेला असू शकतो, हप्त्याच्या कागदात बघा, तो मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

मांजराकाठ
पीएम किसानचं?

सनद_वाचा
मयताच्या खात्यावर हप्ता येत राहिला तर वसुली निघते, म्हणून मृत्यू कळवा. जमीनधारणेची अट १ फेब्रुवारी २०१९ ची आहे, पण त्यानंतर वारसानं जमीन आली असेल तर वारस नव्यानं नोंदणी करू शकतो. फेरफार जोडावा लागतो.

आणि मृत्यू साप चावून, वीज पडून, शॉक लागून, विहिरीत पडून झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान, मृत्यूला २ लाख, वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. फेरफार भाऊ वर ६क ची नक्कल ठेवा म्हणाले ती इथं लागते, सोबत पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. घरच्यांनी शवविच्छेदन न करता माती दिली की प्रकरण तिथंच संपतं. दुसरी अडचण, सातबारा मेलेल्या आजोबाच्या नावावर असेल तर मयत खातेदार ठरत नाही आणि दावा लटकतो.

बालाघाटी
वारसांत अज्ञान मूल असेल तर?

फेरफार_सहा
नाव लागतं, पुढं ‘अ.पा.क.’ म्हणून आईचं नाव. अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या स्वतःच्या वाट्याची जमीन आईला विकता येत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. घेणारे हे बघत नाहीत, मूल १८ चं झालं की तीन वर्षांत व्यवहार रद्द करायचा दावा करू शकतं. १८ पूर्ण झाल्यावर अ.पा.क. काढायचा अर्ज स्वतः द्यायचा, आपोआप निघत नाही.

पैनगंगा
शेवटचं. दोन बायका असतील तर? पहिली हयात असताना दुसरी केलेली.

आणेवारी
हिंदूंत दुसरी वारस नाही. तिची मुलं आहेत. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत, आणि एकत्र कुटुंबातल्या वाटणीत बापाला जेवढा वाटा आला असता त्यातही, हे १ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. दुसरीचं नाव बायको म्हणून लावलं की पहिलीची हरकत येते आणि प्रकरण ६अ मध्ये. अर्ज लिहिताना मुलांचीच नावं घाला.

गोदाकाठ
फेरफार चुकीचा प्रमाणित झाला तर मुदत किती?

फेरफार_सहा
उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील, आदेश कळल्यापासून ६० दिवस. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज, कारण आणि तारखांसह. लेखनप्रमाद असेल, नाव किंवा क्षेत्र उतरवताना चुकलं असेल, तर अपील नको, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडं दुरुस्ती. पण वारसच गाळला असेल तर १५५ चालत नाही, तो अर्ज फेटाळतात आणि तोवर ६० दिवस उलटलेले असतात. अपिलाला फेरफाराची प्रमाणित नक्कल, ६क ची नक्कल आणि नोटीस बजावल्याची पोच मागा. पोचेवरची सही बघा. परगावी नांदणाऱ्या बहिणीला नोटीस गावातल्या पत्त्यावर, सही भावाची, हे निघालं की अर्धं काम झालं.